ट्यूब, जाळे आणि जाकीट

या अंकाचा अभ्यासपाठ
वाचन : लूक ५:१-११ आणि योहान २१:१-१४

हा पाठ घरगुती प्रार्थनासभेत किंवा स्त्रियांच्या सभेत घेता येईल. दोन्ही उतारे आधी वाचून घ्यावेत.

लूकच्या उताऱ्यात आपले लक्ष चमत्काराकडे जाते, आणि ते योग्यच आहे. पण ज्याचे पोट मासळीवर आहे तो माणूस हा उतारा वाचतो तेव्हा त्याला आणखी काही गोष्टी दिसतात. शिमोन आणि त्याचे सोबती रात्रभर राबून रिकाम्या हाताने परतले होते, तरी जाळी धुण्याचे काम उरलेच होते. मासे मिळाले तेव्हा जाळी फाटू लागली. दुसऱ्या मचव्यातील भागीदारांना खुणेने बोलवावे लागले, आणि शेवटी दोन्ही मचवे इतके भरले की बुडायच्या बेतात आले. ज्या दिवशी मासळी जास्त त्या दिवशी पाण्यावर वजनही जास्त, हे प्रत्येक कोळ्याला ठाऊक असते.

१९८६ साली अवर्षणामुळे गालील समुद्राचे पाणी बरेच खाली गेले, तेव्हा काठच्या चिखलात पहिल्या शतकातील एक होडी सापडली. ती सुमारे आठ मीटर लांब आहे. तिच्यात अनेक जातींची लाकडे आढळली. जो तुकडा हाती लागला तो बसवून तिची पुन्हा पुन्हा डागडुजी केलेली होती. प्रभूच्या काळी गालीलातले कोळी अशा ठिगळांच्या होडीतून खोल पाण्यात जात होते.

आपल्याकडेही ठिगळांची एक होडी आहे. ठाणे, पालघर, रायगड आणि पुणे जिल्ह्यांतील धरणांच्या काठी पहाटे गेलात तर ती दिसेल. ट्रकच्या चाकातली जुनी रबरी ट्यूब हवा भरून फुगवलेली असते. मधल्या भोकावर दोरीची जाळीदार वीण किंवा एक फळी असते. तिच्यावर एक कातकरी बसलेला असतो, पाय पाण्यात, हातात लाकडाचे दोन छोटे तुकडे. त्या तुकड्यांनी पाणी मागे सारत तो आदल्या संध्याकाळी लावलेले तंगूसाचे जाळे उचलायला निघालेला असतो. जाळ्यात रोहू, कटला, मृगळ मिळाले तर दिवस चांगला. बहुतेक दिवस चिलापीवरच भागवावे लागते.

कातकरी समाज मूळचा जंगलातला. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. जंगलाचे कायदे कडक झाले आणि तो धंदा संपला. कोळसा भट्टी, वीटभट्टी, शेतमजुरी हे मागून आले. महाराष्ट्रात कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी या तीन जमातींना सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गट मानले आहे. बहुतेकांकडे जमीन नाही. नदीत आणि ओढ्यात हाताने, पागाने, गळाने मासे धरणे मात्र त्यांना पिढ्यान् पिढ्या येते. पुढे धरणे झाली, पाणी खोल आणि रुंद झाले, आणि काठावरून पोहोचता येईना. तेव्हा ट्यूब आली.

आपल्या पाठीराख्यांपैकी अनेक जण विचारतात, "या लोकांना मंडळीतर्फे एक चांगली लाकडी किंवा फायबरची होडी का देऊ नये?" भावना चांगली आहे. पण हाच प्रश्न वाडीवर एका म्हाताऱ्याला विचारला तेव्हा तो हसला. म्हणाला, "दादा, होडी ठेवू कुठं? रातीला काठावर ठिवली तर सकाळी ऱ्हाईल का? ट्यूब मी खांद्यावर टाकून घरी नेतो. उद्या भट्टीवर जायचं झालं तर हवा काढून बोचक्यात बांधतो."

त्याच्या उत्तरात सगळे आले. होडीला घाट लागतो, राखण लागते, डांबर लागते, आणि वर्षातले सहा महिने ती मालकाविना पडून राहते. ट्यूबला यातले काही लागत नाही. गरिबाने नाइलाजाने उचललेला टाकाऊ माल म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की पाठीवर नेता येणाऱ्या हवेच्या होडीचा विचार जगात फार जुना आहे. अश्शूरचा राजा दुसरा अशूरनासिरपाल याच्या राजवाड्यातील दगडी शिल्पांत फुगवलेल्या कातड्यांवर पोहणारी माणसे कोरलेली आहेत. तो राजवाडा निमरूद येथे होता, म्हणजे उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायातले कालह. ही शिल्पे ख्रिस्तापूर्वी नवव्या शतकातली आहेत आणि आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाहायला मिळतात. हिमालयात सतलज आणि बियास ओलांडायला म्हशी-बैलांची फुगवलेली कातडी वापरत. १८४० च्या दशकात पीटर हॅल्केट या इंग्रज नौदल अधिकाऱ्याने रबर लावलेल्या कापडाचा असा झगा केला, की अंगातून काढून भात्याने हवा भरली की त्याची एका माणसाची होडी व्हावी. जॉन रे याने उत्तर ध्रुवाकडच्या प्रवासात ती वापरली. आज अलास्कातले शिकारी आणि प्रवासी तीन-चार किलोची फुगवायची होडी पाठीवर घेऊन डोंगर ओलांडतात आणि नदीने परत येतात. त्यांची होडी महागड्या कापडाची आणि आमच्या माणसाची ट्रकच्या ट्यूबची, पण युक्ती एकच.

हॅल्केटच्या होडीतील एक गोष्ट आपल्या पाठाला महत्त्वाची आहे. तिच्यात हवेचे एकाहून अधिक वेगळे कप्पे होते. एक फुटला तरी माणूस तरंगत राहावा म्हणून. ट्यूबला कप्पा एकच असतो, आणि धोका तिथेच आहे.

आता थोडा हिशेब करू. तरुण संघात हा पाठ घेत असाल तर फळ्यावर मांडून दाखवा. वीस इंची चाकाच्या ट्रकची ट्यूब टायरबाहेर फुगवली की साधारण एक मीटर व्यासाची होते आणि तिची जाडी पाव मीटर असते. तिच्यात सुमारे ११५ लिटर हवा मावते. एक लिटर पाणी बाजूला सारले की एक किलो वजन उचलले जाते. म्हणजे ट्यूब पूर्ण बुडेपर्यंत सुमारे ११५ किलो पेलते, आणि अर्धी पाण्यात असताना ५५ ते ६० किलो. पन्नास-पंचावन्न किलोचा माणूस बसला की ती अर्धी बुडते. त्यात ओले जाळे आले, दहा-बारा किलो मासळी आली, की पाणी बसायच्या जागेपर्यंत चढते. आता लूकमधले ते दोन मचवे आठवा. तिथे मदतीला भागीदार होते. ट्यूबवर माणूस एकटा असतो, म्हणून मासळी जास्त लागली तर दोन फेऱ्या कराव्यात, किंवा मासळीचे पोते अंगाखाली न घेता वेगळ्या लहान ट्यूबला बांधून मागे ओढावे.

ट्यूब निवडताना ब्युटाइल रबराची घ्यावी. साध्या रबरापेक्षा ती हवा फार चांगली धरते. पंक्चर काढणाऱ्याकडे जुन्या ट्यूबा स्वस्तात मिळतात, पण ट्यूबलेस टायर वाढल्यापासून चांगल्या ट्यूबा कमी होत चालल्या आहेत, त्यामुळे पाहून घ्यावे लागते. हवा भरून साबणाचे पाणी फिरवावे. बुडबुडा आला तिथे खूण करावी, कानशीने घासून, सोल्यूशन लावून, ते सुकल्यावर ठिगळ दाबावे. सोल्यूशन ओले असताना लावलेले ठिगळ पाण्यात सुटते. व्हॉल्व्हची पितळी नळी नेहमी बाहेर डोके काढून असते. तिने मांडी फाटते आणि जाळे अडकते. टोपण घट्ट लावून तिच्यावर चिंधी गुंडाळावी आणि ती बसणाऱ्याच्या पाठीमागे येईल अशी ट्यूब फिरवावी.

बैठकीला नायलॉनची पातळ दोरी वापरू नये, ती रबराला करकचून कापते. जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्या किंवा रुंद निवार उत्तम. त्याच बैठकीखाली झाकण घट्ट असलेले पाच लिटरचे दोन रिकामे डबे बांधले, की दुसरा कप्पा तयार होतो. दोन्ही मिळून दहा किलो उचलतात. पाण्यात माणसाचे डोके वर ठेवायला त्याहून कमी लागते. ट्यूब काट्याने फुटली तरी डबे फुटत नाहीत. दोघांना जायचे असेल तर दोन ट्यूबा शेजारी ठेवून वर चार बांबूंची चौकट बांधावी आणि बांबूच्या टोकांना गोणपाट गुंडाळावे. असा तराफा पाठीवर नेता येत नाही, पण काठाच्या वाडीला तो एकाच ट्यूबपेक्षा बराच भरवशाचा.

आणखी एक. उन्हात फुगवलेली ट्यूब गार पाण्यात टाकली की आतली हवा आकसते आणि ट्यूब मऊ पडते. म्हणून काठाशी दहा मिनिटे तरंगत ठेवावी, पुन्हा पंप मारावा, मगच निघावे. उलट परत आल्यावर ती उन्हात फुगलेलीच टाकून दिली तर जुने ठिगळ उडते.

ट्यूब उलटून माणूस बुडाल्याच्या बातम्या जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांत येतात. चार ओळींची बातमी असते, आणि त्यात बहुतेकदा पोहता येत होते असेही लिहिलेले असते. पट्टीचा पोहणारा का बुडतो? कारण पाय जाळ्यात गुंततात. तंगूस पाण्यात दिसत नाही आणि ओढले की आवळते. म्हणून जाळ्याची दोरी कमरेला किंवा मनगटाला कधीही बांधू नये, आणि एक छोटी सुरी दोरीने गळ्यात किंवा ट्यूबला बांधलेली असावी. दुसरे कारण वारा. रुंद जलाशयावर दुपारनंतर वारा उठतो, आणि वैशाख-ज्येष्ठात वळवाच्या आधी तो अचानक येतो. ट्यूब वाऱ्यापुढे पानासारखी वाहते आणि हातातल्या फळकुटांनी ती परत आणता येत नाही. जाताना वाऱ्याच्या तोंडाला जावे, म्हणजे दमल्यावर वाराच घरी आणतो. सांडव्याजवळ आणि पाणी सोडण्याच्या दरवाज्यांजवळ तर जाऊच नये.

शिकारीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे, कारण ट्यूबवरून पाणपक्ष्यांना जाळी लावली जातात हे आपल्यापासून लपलेले नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनातील पाण्यातले मासे घेण्याचा सामूहिक हक्क मान्य केला, पण वन्य प्राण्यांची शिकार त्या हक्कातून वगळली आहे. आपण दिलेल्या साधनाने कोणावर गुन्हा दाखल होऊ नये, एवढी काळजी आपण घ्यायची. ज्याच्या घरात चूल पेटलेली नाही त्याला बदकावर प्रवचन देणे सोपे असते, म्हणून हे सांगताना शेजारी बसून सांगावे. खेकडे आणि मासे भरपूर आहेत, हक्काने घेता येतात, आणि त्यासाठी कागद करायला आपण मदत करू शकतो.

हा कागद सर्वांत कठीण. धरणातील मासेमारी मत्स्यव्यवसाय विभाग सहसा सहकारी संस्थांना ठेक्याने देतो. वाडीतले लोक त्या संस्थेचे सभासद नसले तर त्यांची मासेमारी चोरी ठरते. मग कोणी व्यापारी पुढे येतो, जाळे देतो, सणाला उचल देतो, आणि मासळी त्याच्याच भावाने घ्यायची असे ठरते. उचल फिटत नाही. काही कुटुंबे अशा उचलीपायी दूरच्या धरणांवर नेऊन वर्षभर राबवली गेली आणि पुढे वेठबिगारीचे गुन्हे नोंदले गेले. वेठबिगारी आपल्या देशात १९७६ च्या कायद्याने बंद झालेली आहे. तेव्हा ट्यूब कोणाची, यापेक्षा जाळे कोणाचे, हा प्रश्न आधी विचारावा. जाळे व्यापाऱ्याचे असेल तर आपण दिलेली होडीसुद्धा अखेर त्याच्याच कामी येईल. योहानाच्या उताऱ्यात शिष्यांनी स्वतःच्या जाळ्याने धरलेले मासे मोजले, १५३. मोजायला मासे आपले असावे लागतात.

म्हणून मंडळ्यांना विनंती अशी, की होडीसाठी वर्गणी न काढता ती तीन कामांना द्यावी. तंगूसाची जाळी, प्रत्येक कुटुंबाला त्याच्या नावाने. संस्थेच्या सभासदत्वाचे शुल्क आणि जातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला जाण्यायेण्याचा खर्च. आणि जाकिटे.

जाकीट घेताना फोमचे घ्यावे, हवेचे नको, कारण गळ आणि बाभळीचा काटा त्याला पहिल्याच आठवड्यात फोडतो. खांद्याशी मोकळे आणि कमरेपर्यंत आखूड असावे, नाहीतर जाळे ओढताना त्रास होतो आणि माणूस ते काढून काठावर ठेवतो. दोन पायांतून जाणारा पट्टा असलाच पाहिजे. रंग केशरी किंवा पिवळा. मापे मोठ्या माणसांची कमी आणि मधली जास्त पाठवावीत, कारण जाळे उचलायला बापाबरोबर बारा-तेरा वर्षांची मुलेही जातात. या मुलांना शाळेत परत आणणे हे वेगळे काम आहे आणि ते चालू आहे, पण तोवर त्यांच्या अंगावर जाकीट हवे.

गोळा केलेली जाकिटे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोहोचावीत. वळीव त्यानंतर कधीही येतो.