चालती गाडी बंद का पडते?

जूनमध्ये मी जबलपूरला आजोळी होतो. एका संध्याकाळी जोराचा पाऊस झाला, ओमतीत रस्त्यावर पाणी साचले आणि आजोबांची जुनी पेट्रोल गाडी त्या पाण्यातच बंद पडली.

"आजोबा, पुन्हा चावी फिरवून बघा ना," मी म्हणालो.

"चावीला हात लावायचा नाही," ते म्हणाले. रस्त्यावरच्या दोघा-तिघांनी हात लावला आणि आम्ही गाडी ढकलत कोरड्यावर आणली.

आजोबा जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झाले. १९६९ साली सुरू झालेल्या या कारखान्यात सैन्यासाठी जोंगा गाड्या बनत. रात्री त्यांनी मला समजावले, ते असे :

पेट्रोल इंजिनाला हवा, इंधन आणि ठिणगी लागते. वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १५ भाग हवा लागते. यांपैकी एक जरी तुटले, तरी इंजिन बंद पडते.

१. इंधन : टाकी रिकामी, फिल्टर तुंबलेला किंवा पंप नादुरुस्त. गाडी बहुधा आधी धक्के खाते, मग थांबते.

२. ठिणगी : प्लगवर काजळी, सैल वायर किंवा बॅटरीच्या टोकांवर गंज. इंजिन अचानक बंद पडते.

३. हवा : एअर फिल्टर किंवा थ्रॉटलमध्ये घाण. गाडी सिग्नलला उभी राहिली की बंद पडते.

४. चालकाची चूक : क्लच एकदम सोडणे. नवशिक्यांच्या बाबतीत हेच जास्त घडते.

५. पाणी : हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले, तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने पाहिले, तर एअर फिल्टर चिंब भिजला होता. प्लग काढून इंजिन फिरवताच एका सिलिंडरमधून पाणी उडाले. माझे ऐकले असते, तर इंजिनच उघडावे लागले असते!

चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले, तर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला जास्त जोर लागतो. अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा न मारता एकदाच घट्ट दाबून धरावा, धोक्याचे दिवे लावावेत आणि गाडी डावीकडे घ्यावी.

मित्रांनो, गाडी बंद पडली की आपला हात आधी चावीकडे जातो. त्याआधी कारण शोधायचे, हे मी त्या पावसात शिकलो.