माशीचा डोळा व उंदराचें जनुक

पिकलेल्या फळांवर घोंघावणाऱ्या चिमुकल्या माशीचा डोळा सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिला, तर तो मधाच्या पोळ्याप्रमाणें शेंकडों षट्कोनी नेत्रिकांचा बनलेला दिसतो. उंदराचा डोळा आपल्यासारखा. पुढें एक भिंग व मागें एक पडदा. ही भिन्नता पाहून दोन्ही डोळे सर्वस्वीं स्वतंत्रपणें उत्पन्न झाले असावेत, असें प्राणिशास्त्रज्ञांस दीर्घकाळ वाटत असे. या समजुतीस धक्का कसा बसला, तें आपण पाहूं.

आईबापांचे गुणधर्म ज्या सूक्ष्म घटकांच्या द्वारें संततीकडे येतात, त्यांस जनुकें म्हणतात. माशीचें एक जनुक बिघडलें तर तिचे डोळे खुरटतात किंवा मुळींच येत नाहींत. म्हणून त्यास ‘आयलेस’, म्हणजे नेत्रहीन, हें नांव पडलें. ही विकृति १९१५ सालीं वर्णिली गेली. पुढें १९९४ सालीं असें आढळलें कीं, ज्याच्या बिघाडानें उंदराचे डोळे लहान राहतात, व ज्याच्या बिघाडानें मनुष्याच्या बाहुलीभोंवतालचें रंगीत कडें नीट बनत नाहीं, तें जनुक माशीच्या या जनुकाशीं अत्यंत मिळतेंजुळतें आहे.

१९९५ सालीं स्वित्झर्लंडमधील बाझल येथें वाल्टर गेरिंग व त्यांचे सहकारी यांनीं हें जनुक माशीच्या अळीच्या शरीरांत भलत्याच ठिकाणीं कार्यान्वित केलें. तेव्हां माशीच्या पायांवर, पंखांवर व शृंगिकांवर डोळे उगवले! मग त्यांनीं उंदराचें जनुक योजिलें. विद्यार्थिमित्रहो, आतां कोणाचा डोळा उगवला असेल बरें? माशीचाच!

याचें कारण असें. हें जनुक डोळ्याचा नकाशा पुरवीत नाहीं. ‘येथें डोळा करा’ एवढीच आज्ञा देतें. कारागीर माशीचे, म्हणून घडण माशीची. परंतु उंदराची आज्ञा माशीच्या देहास समजते, ती कां? ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं होऊन गेलेल्या एकाच पूर्वजाकडून ती दोघांस वारशानें मिळाली, हेंच त्याचें उत्तर होय.

मात्र त्या पूर्वजास पूर्ण डोळा होता, असें यावरून म्हणणें घाईचें होईल. प्रकाश ओळखणाऱ्या थोड्या पेशी त्याच्या अंगीं असल्या तरी पुरे. त्या पायावर दोन्ही वंशांनीं आपापल्या परीनें निरनिराळ्या इमारती रचिल्या.

ज्या माशीस आपण फळांवरून हांकलून देतों, तिच्या अभ्यासानें जन्मतःच सदोष दृष्टि असलेल्या मानवी बालकाचें दुःख समजण्यास साहाय्य झालें. क्षुद्र जीवांचें निरीक्षण निष्फळ नसतें, असें आम्हांस वाटतें, तें याचमुळें.