आधी कोळीवाडा, मग प्रमाणपत्र

पदवीचे प्रवेश आटोपले की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर दुसऱ्या जाहिराती लागतात. अ‍ॅड-ऑन, व्हॅल्यू अ‍ॅडेड, शॉर्ट टर्म, सर्टिफिकेट. विषय म्हणाल तर मुद्रितशोधन, निवेदन, पॉडकास्ट, सबटायटल्स, अनुवाद, जर्मनची पहिली पातळी. मराठी, भाषाशास्त्र किंवा मास मीडिया घेतलेल्या मुलांना हे सगळं ऐच्छिक असतं. फी किती आणि शिक्का कुणाचा, एवढं विचारून बहुतेक जण फॉर्म भरून मोकळे होतात. माझं म्हणणं, क्रम उलटा करा. कोर्स संपल्यावर दाखवायला हातात काय असेल ते आधी ठरवा, आणि ते काम जो कोर्स करू देईल तोच घ्या.

दादर, परळ, प्रभादेवीच्या मुलांसाठी असं एक काम अगदी जवळ आहे. वरळी कोळीवाड्यात जायचं, तिथली बोली ध्वनिमुद्रित करायची, ती कागदावर उतरवायची आणि त्यातूनच पाच मिनिटांची ऐकण्याजोगी बातमीकथा करायची. भाषेची मुलं आणि माध्यमाची मुलं जोडीने करू शकतात. एकट्याने करू नये. एकाने बोलायचं, दुसऱ्याने यंत्र सांभाळायचं.

सुरुवात कागदांपासून. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत एक क्रेडिट म्हणजे १५ तास वर्गातले किंवा ३० तास प्रात्यक्षिकाचे. दोन क्रेडिटचं क्षेत्रकाम म्हणजे ६० तास, हा हिशेब डोक्यात ठेवा. जाहिरातीत नुसतं ‘३० तासांचा कोर्स’ असेल आणि क्रेडिटचा उल्लेख कुठेच नसेल, तर ते प्रमाणपत्र बायोडेटापुरतं. घ्यायला हरकत नाही, पण समजून घ्या. समन्वयक सरांना किंवा मॅडमना ईमेलवर विचारा, तोंडी नको: क्रेडिट माझ्या पदवीत धरले जाणार का, आणि ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात कोण चढवणार? शेवटचा प्रकल्प माझ्या विषयावर करता येईल का आणि त्याला गुण किती? सगळी परीक्षा पर्यायी उत्तरांची असेल तर तो कोर्स सोडून द्या. ‘स्वयम’वर भाषाशास्त्राचे आणि माध्यमांचे चांगले कोर्स असतात, शिकायला पैसे पडत नाहीत, परीक्षेची फी मात्र द्यावी लागते. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट असे ऑनलाइन घेता येतात. पण नाव नोंदवण्याआधी कॉलेजची संमती घ्या. आधी कोर्स करून मग ऑफिसच्या खिडकीशी वाद घालणारी मुलं दर वर्षी दिसतात.

कोर्स ठरला की वाचन, पण थोडंच. जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. तो मराठीवर आहे आणि त्यात कोळी बोलीचीही नोंद आहे. त्या काळी सगळ्यांकडून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट आपापल्या बोलीत वदवून घेत. हा खंड नेटवर फुकट मिळतो, नमुना वाचून ठेवा. मग गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड चाळा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेबरोबर मराठीच्या बोलींचं जे सर्वेक्षण केलं, त्यातली ध्वनिमुद्रणं ऐका. आवाज कसा घ्यायचा, प्रश्न कसा टाकायचा, हे तिथे आयतं शिकायला मिळतं. मुंबईच्या जुन्या वस्त्यांबद्दल हवं असेल तर गोविंद नारायण माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) आहेच. दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात एक दुपार घालवा. दुसरी घालवू नका, नाहीतर कोळीवाडा राहून जाईल.

आता परवानगी. कॅमेरा खांद्याला लावून थेट गल्लीत शिरायचं नाही. वरळी कोळीवाड्याने माध्यमं भरपूर पाहिली आहेत. २०२०च्या मार्चअखेर कोरोनामुळे वस्ती सील झाली, तेव्हा वाड्याचं नाव रोज टीव्हीवर होतं. त्याआधी आणि नंतरही कोस्टल रोडचं प्रकरण. मच्छीमार सोसायट्या न्यायालयात गेल्या, जुलै २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी रद्द केली, डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. वाड्यासमोरच्या समुद्रातल्या या रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर होतं. मच्छीमारांची मागणी २०० मीटरची, अखेर एक खांब वगळून १२० मीटरवर आलं. हा तपशील पाठ असल्याशिवाय बंदरावर पाऊल टाकू नका. पहिल्याच भेटीत ‘कोस्टल रोडबद्दल काय वाटतं?’ विचारणारी मुलं तिथल्या माणसांनी पुरेशी पाहिली आहेत.

कॉलेजच्या लेटरहेडवर समन्वयकांची सही असलेलं पत्र घ्या. त्यात तुमची नावं, काम काय, आवाज कुठे वापरणार आणि कुठे वापरणार नाही, हे साध्या मराठीत लिहा. ते घेऊन आधी मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात जा. तिथून एखाद्या नाखव्याचं किंवा मावशींचं नाव मिळेल. पहिल्या भेटीत यंत्र बाहेर काढू नका. चहा घ्या, ओळख सांगा, आपण कुठल्या गावचे ते सांगा. ते विचारलंच जातं. वर्गात कुणी मित्रमैत्रीण वाड्यातलीच असेल तर तिला मध्यस्थ न करता प्रकल्पात घ्या आणि तिचंही नाव लावा.

वेळ ठरवताना तुमचं लेक्चरचं टाइमटेबल चालणार नाही, पाण्याचं चालेल. बंदरावर होड्यांची ये-जा भरतीवर असते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चारचे तीन, म्हणजे भरती साधारण तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. प्रत्यक्षात थोडं मागेपुढे होतं, पण कॅलेंडरवर नजर टाकून निघायला पुरतं. होडी लागायच्या वेळी कुणाला मुलाखतीला बसवू नका, तेव्हा सगळे हात कामात असतात. होड्या लागताना फक्त आवाज टिपा आणि बाजूला उभे राहा. बोलायला निवांत दिवस हवे असतील तर अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते ते. नाहीतर जून-जुलैची मासेमारी बंदी. तेव्हा माणसं घरी असतात, जाळी दुरुस्त होत असतात आणि बोलायला फुरसत असते. तुमचं सत्रही तेव्हाच सुरू होतं. नारळी पौर्णिमेला मात्र मुलाखतीचा नाद सोडा. गाणी, मिरवणूक, गोंगाट, यातलं काहीच स्वच्छ मुद्रित होत नाही.

यंत्र फार महागडं नको. मोबाइल चालतो, पण कॉलरला लावायचा साधा माइक विकत किंवा उसना घ्या, आणि त्यावर स्पंजची टोपी घाला. वरळीच्या टोकाला वारा इतका की टोपीशिवाय अर्धं मुद्रण फरफर ऐकू येईल. फोन फ्लाइट मोडवर टाका. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात घ्या, एमपी३मध्ये नको; बोलीतले बारीक ध्वनी त्यात दबतात. पंखा बंद करायला सांगायला लाजू नका, फ्रीज मात्र बंद करायला सांगू नका, त्यात मावरं (मासे) असतं. प्रत्येक जागी एक मिनिट कुणीही न बोलता नुसता जागेचा आवाज घ्या. संकलन करताना दोन वाक्यांच्या मधली फट त्यानेच भरायची असते.

मुद्रण सुरू झाल्यावर पहिली संमती, आवाजातच. तारीख, जागा, तुमचं नाव, आणि ‘मावशी, हे आम्ही कॉलेजसाठी घेतोय, तुम्हाला वाटलं तर मधेच थांबवू, नंतरही नको म्हणालात तर काढून टाकू’ हे वाक्य. त्यावर त्यांचं ‘हो’ ऐकू आलं पाहिजे. मान हलवलेली यंत्राला दिसत नाही.

प्रश्नांत सगळ्यात जास्त कसब लागतं. ‘तुमच्यात याला काय म्हणतात?’ अशी यादी घेऊन बसलात की समोरचा माणूस सावध होतो आणि शाळेतलं मराठी बोलायला लागतो. गोष्ट सांगायला लागला की बोली आपोआप येते. विल्यम लबॉव या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये माणसं सहज बोलावीत म्हणून जिवावर बेतलेल्या प्रसंगाबद्दल विचारलं, आणि ते तंत्र पुस्तकांत गेलं. वरळीत ते जसंच्या तसं वापरू नका. दर्यावर गेलेली आणि न परतलेली माणसं प्रत्येक वाड्यात असतात, आणि परीक्षेच्या प्रकल्पासाठी कुणाच्या घरातली ती जखम उघडायचा तुम्हाला हक्क नाही. त्याऐवजी विचारा: पहिल्यांदा होडीत कधी बसलात? सगळ्यात जास्त मावरं कधी लागलं होतं? बाजारात पहिल्या दिवशी पाटी कुणी उचलून दिली? लग्न होऊन वाड्यात आलात तेव्हा काय काय नवं वाटलं? होडीवरचा तांडेल चिडला की काय म्हणतो, हेही विचारा. हसता हसता खरी भाषा बाहेर पडते. एका घरातल्या तीन पिढ्या मिळाल्या, आजी, आई आणि नात, तर प्रत्येकीला तेच प्रश्न टाका. तुमचा अर्धा प्रकल्प तिथेच तयार होतो. मात्र तिघींना वेगवेगळं बसवा. एकत्र बसवलंत तर नात आजीला ‘असं नाही, नीट बोल’ म्हणेल आणि आजी बोलायची थांबेल.

घरी आल्यावर लेखन, त्याच रात्री. ठरावीक साचा हवा: डावीकडे वेळ, मधे जसं ऐकलं तसं, उजवीकडे प्रमाण मराठी. मधल्या रकान्यात हात आवरायचा. ‘होरी’ ऐकू आलं तर ‘होडी’ लिहू नका, ‘पानी’चं ‘पाणी’ करू नका, ‘डोला’ला ळ लावू नका. ‘पान्यान’ म्हणजे पाण्यात, हे उजव्या रकान्यात जाईल. फोनच्या टायपिंगमधला शुद्धलेखन सुधारक आधी बंद करा, तो सगळं गुपचूप पुणेरी करून टाकतो. आवाजावरून आपोआप लिहून देणारी अ‍ॅप्सही इथे उपयोगी नाहीत, ती बोलीला प्रमाण मराठीच्या चौकटीत कोंबतात. ‘इलॅन’ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आवाज आणि मजकूर शेजारी ठेवतं, शिकायला एक संध्याकाळ पुरते. संशय असलेला शब्द सरळ रेषा मारून सोडा आणि पुढच्या भेटीत विचारा. एका मिनिटाच्या बोलण्याला सहज दहा मिनिटं लागतात. म्हणून तास-दीड तासाच्या वर मुद्रण करू नका, नाहीतर लेखन कधीच पूर्ण होणार नाही.

शब्दसंग्रह त्यातूनच निघेल. नोंदीत शब्द, अर्थ, कोणी आणि कोणत्या वाक्यात वापरला, वय किती, एवढं असलं की पुरे. माशांच्या नावांना फोटो लावा. एकाच माशाला लहान असताना एक नाव आणि मोठा झाल्यावर दुसरं असं काही सापडलं तर दोन्ही नोंदवा.

बातमीकथेचं काम आता सोपं होतं. पाच मिनिटांत निवेदन निम्मंच ठेवा. आकाशवाणीच्या संथ गतीने वाचलंत तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे तुमच्या वाट्याला जेमतेम तीनशे शब्द. बाकी वेळ वाड्यातली माणसं बोलतील. त्यांच्या बोलण्यावर प्रमाण मराठीचा आवाज चढवू नका. जिथे अर्थ लागणार नाही तिथे निवेदकाने आधीच्या वाक्यात सूचना द्यावी. व्हिडिओ केलात तर बोली उपशीर्षकांत जशीच्या तशी ठेवा, खाली दुसऱ्या ओळीत प्रमाण मराठी. विषय एकच घ्या. ‘कोळीवाड्याचं जीवन’ हा विषयच नव्हे. खांबांमधून होडी काढताना नाखवा काय बघतो, वारा कुठून असेल तर काय करतो, हा विषय आहे. कोस्टल रोड त्यात आपोआप येतो, आणि तुम्ही न विचारताही त्यावर मत मिळतं.

सादर करण्याआधी ती फाइल ज्यांचा आवाज आहे त्यांना ऐकवा. सोसायटीच्या ऑफिसात किंवा घरी, फोनवर नको. चुकलेले शब्द तिथेच दुरुस्त होतात, आणि एखाद्याला आपलं वाक्य काढून टाकावंसं वाटलं तर काढा, कितीही चांगलं असो. पेन ड्राइव्हवर एक प्रत त्या घरी आणि एक सोसायटीला द्या.

कॉलेजला द्यायच्या फोल्डरमध्ये मूळ ध्वनी, लेखन, शब्दसंग्रह, पाच मिनिटांची कथा, संमतीचे तुकडे आणि तासांची नोंदवही हवी. नोंदवहीवर समन्वयकांची सही दर आठवड्याला घ्या. शेवटच्या दिवशी ६० तास एकदम दाखवलेत तर कुणीही प्रश्न विचारेल. निकाल लागल्यावर क्रेडिट तुमच्या खात्यात दिसतात का ते स्वतः तपासा, कोर्सचं नाव आणि क्रेडिटची संख्या गुणपत्रिकेशी जुळवा. दिसले नाहीत तर सहीच्या नोंदवहीची झेरॉक्स आणि सुरुवातीचा तो ईमेल जोडून परीक्षा विभागाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या.