खेळावरील विद्यार्थी-चित्रपट : सलामीच्या दृश्याची आखणी

चित्रपट म्हणजे मुंबई, पुणे, कोल्हापूर येथील व्यावसायिकांचे काम, ही समजूत आता मागे पडली आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यामुळे तालुक्याच्या गावातील विद्यार्थीही दहा-बारा मिनिटांचे चित्रपट तयार करू लागले आहेत. त्यांचा आवडता विषय म्हणजे खेळ आणि त्यातील थरार. उत्साह भरपूर असतो. मात्र आखणीअभावी पहिल्याच दृश्यात गोंधळ उडतो आणि पुढील परिश्रम वाया जातात. अशा उपक्रमांना साहाय्य करणारे शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या उपयोगी पडावे, या हेतूने सलामीच्या दृश्याची आखणी कशी करावी, याचा येथे विचार केला आहे. उदाहरणासाठी आपल्या मातीतील खो-खो हा खेळ घेतला आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषक स्पर्धेत भारताच्या पुरुष व महिला या दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले. त्यामुळे या खेळाविषयी विद्यार्थ्यांमध्ये नवे कुतूहल निर्माण झाले आहे.

सलामीचे कार्य

पहिल्या दृश्याने प्रेक्षकाला तीन गोष्टी सांगावयाच्या असतात : आपण कोठे आहोत, कोणाची कथा पाहत आहोत आणि त्या व्यक्तीचे काय पणाला लागले आहे. ‘चक दे! इंडिया’ (२००७) या चित्रपटाच्या आरंभी भारतीय संघनायकाचा पेनल्टी स्ट्रोक हुकतो आणि त्याच्या निष्ठेवरच संशय घेतला जातो. पुढील संपूर्ण कथा त्या एका क्षणाची परतफेड आहे. ‘सैराट’ (२०१६) ची सुरुवात गावच्या क्रिकेट सामन्याने होते. सामना आणि त्याचे ध्वनिक्षेपकावरील समालोचन यांतून आपल्याला गावाची ओळख होऊन जाते. दोन्ही ठिकाणी खेळ ही केवळ शोभा नसून कथेचे दार आहे.

विद्यार्थ्यांची संहिता बहुधा विजयाने सुरू होते : नायक धावतो, चषक उंचावतो, संगीत वाजते. मिळवावयाचे ते आधीच मिळाले, तर प्रेक्षकाने पुढे कशासाठी बसावे? म्हणून सलामीला उत्तर न देता प्रश्न निर्माण करावा.

खेळाच्या नियमातच नाट्य

असा प्रश्न बाहेरून आणण्याची गरज नसते; तो खेळाच्या नियमांत दडलेला असतो. खो-खोमध्ये पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ खेळाडू मध्यपाटीवर बसतात. शेजारच्या दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात. नववा खेळाडू पाठलाग करतो. त्याला मध्यपाटी ओलांडता येत नाही की एकदा घेतलेली दिशा मध्येच बदलता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्ही बाजूंना मोकळीक असते. बसलेल्याने ‘खो’ मिळण्यापूर्वी उठणे हा नियमभंग होय.

म्हणजेच बसलेली मुलगी मागची पावले ऐकते, पण पाहू शकत नाही. उठण्यास ती सज्ज आहे, पण हाक आल्याशिवाय तिला उठता येत नाही. दहावीनंतर खेळ सोडावा लागेल की काय, या विवंचनेत असलेल्या मुलीची कथा सांगावयाची असेल, तर याहून समर्पक आरंभ कोणता?

कागदावरील आखणी

चित्रीकरणापूर्वी प्रत्येक दृश्यखंड कागदावर मांडावा. रेखाटन साधे असले तरी चालते. आपल्या कथेची सलामी ८० सेकंदांत पुढीलप्रमाणे बसविता येईल :

१. पहाटेचे मैदान, फक्कीने रेघ ओढणारा हात — ८ सेकंद.
२. खुंटाजवळून, खालच्या पातळीवरून दिसणारी बसलेल्या आठ जणींची रांग — ८ सेकंद.
३. नायिकेचा चेहरा; मागून जवळ येणारी व दूर जाणारी पावले — १२ सेकंद.
४. पळणारीची हूल आणि पाठलाग करणारीचे पाय — १० सेकंद.
५. पंचाच्या हातातील घड्याळ — ४ सेकंद.
६. नायिकेची पाठ; त्यावर पडणारा हात; ‘खो!’ — ३ सेकंद.
७. नायिकेची धाव — १० सेकंद.
८. खुंटाजवळील सूर, संथगतीने — १० सेकंद.
९. धूळ. गडी बाद झाला की नाही, हे कळण्यापूर्वीच मैदानाबाहेर उभे असलेले वडील दिसतात. त्यांच्या हातात तिचे दप्तर आहे — १५ सेकंद.

सर्वांत अधिक वेळ धावेला किंवा सुराला दिलेला नाही. तो प्रतीक्षेला आणि वडिलांना दिला आहे. थरार वेगातून निर्माण होतोच. तथापि त्याआधीची स्तब्धता नसेल तर वेग जाणवत नाही.

दिशा, गती व ध्वनी

कॅमेरा मैदानाच्या एकाच लांब बाजूस ठेवावा. डावीकडून उजवीकडे धावणारी मुलगी पुढच्या खंडात उजवीकडून डावीकडे जाताना दिसली, तर ती परत फिरली असा प्रेक्षकाचा समज होतो. दिशा बदलावयाची असेल, तर खुंटाला घातलेला वळसा अवश्य दाखवावा.

संथगती जपून वापरावी. दर सेकंदाला १२० चित्रे टिपून ती २४ च्या गतीने दाखविल्यास क्रिया पाचपट संथ होते. दोन सेकंदांचा सूर दहा सेकंद दिसतो. हे एकदाच केल्यास परिणाम होतो. वारंवार केल्यास कंटाळा येतो.

चित्रीकरण सकाळच्या दोन तासांतच उरकावे. सावल्यांची लांबी बदलली की सलग भासणारे दृश्य तुटते. पावलांचा, श्वासाचा आणि ‘खो’चा आवाज मैदान शांत असताना स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावा. चित्रपटातील गाणी परवानगीशिवाय वापरू नयेत. गावातील हलगीवादकाची साथ त्याहून अधिक शोभेल.

खेळाडूची काळजी

या संदर्भात एक अनुभव सांगणे मी कर्तव्य समजतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेतील विद्यार्थ्यांच्या अशाच उपक्रमात मी मार्गदर्शक होतो. आम्ही कागदावर काहीच मांडले नव्हते. नायिकेची भूमिका शाळेच्या संघातील खेळाडूच करीत होती. खुंटाजवळील सूर कधी कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर गेला, कधी मध्येच कोणी आडवे आले. “सर, अजून एकदा मारते,” असे ती दर वेळी हसत म्हणे आणि आम्ही होकार देत असू. सातव्या वेळी तिचे मनगट खुंटावर आदळले. हाताला प्लास्टर बसले आणि त्याच आठवड्यातील जिल्हास्तरीय स्पर्धेला तिला मुकावे लागले. चित्रपट पूर्ण झाला, त्याचे कौतुकही झाले. चित्रपटात ती आजही सूर मारते; त्या वर्षी मैदानावर मात्र ती नव्हती. ती मुलगी नकार देणार नाही, हे मला ठाऊक होते. म्हणूनच थांबविण्याची जबाबदारी माझी होती, आणि ती मी पार पाडली नाही.

तेव्हापासून मी काही नियम पाळतो. सूर दोनच वेळा मारावयाचा. कॅमेऱ्याची जागा, अंतर व चौकट यांची तालीम आधी केवळ चालत करून घ्यावयाची. खुंटाला, चौकटीत न दिसणाऱ्या बाजूने, जाड कापड गुंडाळावयाचे. माती भुसभुशीत करून खडे वेचावयाचे. पाण्याची व प्रथमोपचाराची सोय जवळ ठेवावयाची. स्पर्धेच्या आधीच्या पंधरवड्यात खेळाडूंना चित्रीकरणात घ्यावयाचे नाही. मुख्याध्यापकांची अनुमती आणि पालकांची लेखी संमती अगोदर घ्यावयाची.

समारोप

ग्रामपंचायतीने दोन सकाळी मैदान मोकळे ठेवले आणि शिक्षकांनी आखणीचा कागद तपासला, तरी विद्यार्थ्यांचे बरेचसे काम सुकर होते. अशी आखणी केवळ कलेसाठी नसते. जे कागदावर नीट ठरते, ते मुलांच्या अंगावर पुनःपुन्हा आजमावावे लागत नाही. चित्रपट पाहून चार मुली मैदानाकडे वळल्या, तर उपक्रम सफल झाला असे समजावे. मात्र त्यासाठी मैदानावरील एकही मुलगी घरी बसता कामा नये.