पहूरला दहा मिनिटे

(पहूर हे जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील एक मोठे गाव. लेखकाचे बालपण तेथे गेले. पुष्कळ वर्षांनी मुलीला सोबत घेऊन लेखक पहूरला गेला. त्या दिवसाची हकिकत या पाठात आली आहे.)

माझी मुलगी आठवीत शिकते. तिच्या शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती. परत आल्यावर दोन दिवस तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. घोड्याच्या नालेसारखा वळलेला डोंगर, त्यात कोरलेली ३० लेणी, खालून वाहणारी नदी, नदीवरचा पूल! तिचे सगळे ऐकून घेतल्यावर मी विचारले, "वाटेत पहूर लागले असेल ना?"

"हो. बस दहा मिनिटे थांबली होती. सरांनी चहा घेतला. तिथे काहीच नाही, अब्बू."

माझी अम्मी जवळच बसून तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. ती काही बोलली नाही. पण मला राहवले नाही. मी मुलीला म्हणालो, "डिसेंबरात एक दिवस आपण पहूरला जाऊ. दहा मिनिटांसाठी नाही, दिवसभरासाठी."

आमचे घर पहूरलाच होते. अब्बा पिंजारी होते. खांद्यावर धनुकली घेऊन ते आसपासच्या खेड्यांत फिरत, लोकांच्या घरी बसून रुई पिंजत आणि गाद्या भरून देत. दसऱ्यापासून थंडी संपेपर्यंत त्यांना उसंत नसे. पुढे पिंजण्याची यंत्रे आली, मग कारखान्यातल्या तयार गाद्या आल्या. धनुकलीला काम उरले नाही. मी पंधरा वर्षांचा असताना आम्ही धुळ्याला आलो. अब्बा तेथे एका गादीच्या दुकानात कामाला लागले. आता ते हयात नाहीत. अम्मीचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती प्रवास करत नाही.

ठरल्याप्रमाणे आम्ही दोघे जळगावमार्गे पहूरला पोहोचलो. जळगावहून औरंगाबादकडे जाणारा रस्ता आणि पाचोऱ्याहून जामनेरकडे जाणारा रस्ता पहूरला एकमेकांना भेटतात. (औरंगाबादचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे, पण आमच्या लहानपणी आम्ही 'औरंगाबाद रस्ता'च म्हणत असू.) त्यामुळे बसस्थानकाजवळ नेहमी वर्दळ असते. अजिंठ्याला जाणारे पाहुणे येथे चहा घेतात आणि पुढे जातात. त्यांना गाव दिसत नाही, फक्त चौक दिसतो. माझ्या मुलीचेही तेच झाले होते.

"आता सांगा, काय बघायचे?" तिने विचारले.

"आधी खायचे," मी म्हणालो.

माझे पहिले आवडते ठिकाण म्हणजे चौकातली भज्यांची गाडी. शाळा सुटल्यावर आम्ही मित्र पैसे गोळा करून मिरचीची भजी घेत असू आणि कागदाला लागलेला चुराही सोडत नसू. जुनी गाडी आता नाही. तिच्या जागेजवळ दुसरी एक गाडी उभी होती. भजी चांगली होती. मुलीने डोळ्यांत पाणी आणून तीन खाल्ली आणि चौथी मागितली! खरे सांगायचे तर मला मात्र ती आमच्या वेळेइतकी तिखट लागली नाहीत.

पहूरला दोन ग्रामपंचायती आहेत : पहूर पेठ आणि पहूर कसबे. उर्दू शाळेतील मुलांना 'कसबे' हा शब्द ओळखीचा वाटेल. उर्दूतला 'कस्बा' तोच मराठीत 'कसबा' किंवा 'कसबे' झाला आहे. पेठ म्हणजे बाजारपेठ. मी मराठी शिकलो ती शाळेत कमी आणि पेठेत जास्त. घरी आम्ही उर्दू बोलत असू. पण अब्बांसोबत गिऱ्हाइकांकडे गेलो, की 'रुई' म्हणून चालत नसे, 'कापूस' म्हणावे लागे. सरकी काढलेला कापूस कोणता आणि सरकीसकट कोणता, हे मला पुस्तकाआधी बाजारातच कळले. 'सुटे पैसे', 'उधारी', 'मापात पाप' हे शब्दही मी तेथेच ऐकले.

अब्बा पेठेत ज्या ओट्यावर बसत, तेथे आता मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानातला मुलगा म्हणाला, "काही पाहिजे का काका?" मी "काही नाही" म्हणालो. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि माझा हात धरला.

आम्ही भाजीबाजारात गेलो. एका म्हाताऱ्या आजींपुढे हिरव्या वांग्यांचा ढीग होता. चांगली मोठी, लांबट, फिक्या हिरव्या रंगाची वांगी. मी ती उचलून पाहत होतो, तेव्हा आजी म्हणाल्या, "भाजीची नको घेऊ, ही भरताची घे."

मुलगी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "अब्बू, भरत कोण?"

मला इतके हसू आले, की आजींनी विचारले, "काय झालं?" मी सांगितले. त्याही हसू लागल्या. मग मुलीला मी समजावले. भरीत हा पदार्थ. भरीत, भरताचा, भरताची, भरताला; विभक्तीचा प्रत्यय लागला, की शब्द असा बदलतो. व्याकरणाच्या तासाला हे तिला दोनदा शिकवले होते म्हणे. बाजारात ते एकदाच सांगावे लागले.

आजी माझ्याकडे निरखून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "कोनाचा व्हय रे तू? पिंजाऱ्याचा पोऱ्या ना?"

मी मान हलवली.

"तुह्या बापानं भरलेली गादी आजून हाये मह्या घरात. पोरीच्या लग्नात भरली व्हती. बाप कसा हाये?"

मी सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी चार वांगी तोलली, वर दोन न तोलता ठेवली आणि मुलीला म्हणाल्या, "घे माय." पैसे त्यांनी चारांचेच घेतले.

खानदेशातले भरीत सगळीकडे प्रसिद्ध आहे. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे हे वांगे या भागाचे आहे हे कायद्याने मान्य झाले. त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही ते मिळाले. पण भरीत खाण्याचे माझे आवडते ठिकाण कोणतेही हॉटेल नव्हते. अब्बा ज्यांच्या गाद्या भरत, ते शेतकरी हिवाळ्यात आम्हांला शेतावर बोलावत. कापूस वेचून झाल्यावर शेतात कपाशीच्या वाळलेल्या काड्या उरतात. त्यांचा जाळ करून त्यावर वांगी भाजत. साल काळी पडून सुटू लागली, की वांगे झाले. मग साल काढून गर लाकडी भांड्यात ठेचायचा. त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालायचे. सोबत कळण्याची भाकरी. ज्वारी आणि सालासकट उडीद मीठ घालून एकत्र दळले, की कळण्याचे पीठ होते. धुराने डोळे चुरचुरत, बोटांना काळे लागे. पण कोणी उठत नसे. अब्बा म्हणत, "कापसाने आपल्याला काम दिले आणि त्याच्या काड्यांनी जेवण."

दुपारी आम्ही रस्त्यावरच्या एका ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि त्यात जाड शेव. त्याविषयी जास्त लिहीत नाही. खानदेशात ती सगळीकडे मिळते. मग मुलीने काचेच्या हिरव्या बांगड्या घेतल्या आणि मी अम्मीसाठी पावशेर गोडीशेव घेतली. गुळात घोळलेली ही शेव तिला फार आवडते.

आता फिरण्याची ठिकाणे राहिली होती. ती दोनच : रेल्वे स्टेशन आणि नदी.

पाचोरा ते जामनेर ही छोटी गाडी पहूरवरून जात असे. लोक तिला 'पी.जे.' म्हणत. मार्ग ५६ किलोमीटरचा आणि दोन रुळांतले अंतर फक्त अडीच फूट. मोठ्या रेल्वेचे रूळ साडेपाच फुटांवर असतात, म्हणजे पी.जे. तिच्या निम्म्याहूनही लहान. या मुलखातला कापूस पाचोऱ्याच्या मोठ्या रेल्वेपर्यंत नेण्यास तिचा फार उपयोग झाला. दुधाचे कॅन, भाजीच्या टोपल्या, कॉलेजची मुले, लग्नाची वऱ्हाडे, सगळे तिच्यातून जात. ती इतकी सावकाश चाले, की उतरून बोरे वेचावीत आणि पुन्हा चढावे, असे आम्ही गमतीने म्हणत असू. माझ्या अम्मीचे माहेर वरखेडीचे. तेही याच मार्गावर आहे. लग्नानंतर अम्मी पी.जे.नेच पहूरला आली. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे गाडी बंद झाली, ती पुन्हा सुरू झाली नाही. आता तेथे मोठा मार्ग करायचे ठरले आहे.

आम्ही गेलो तेव्हा फलाटावर कोणी नव्हते. रुळांमध्ये गवत वाढले होते. मुलगी एका रुळावरून हात पसरून चालू लागली. पडली, पुन्हा चढली. "अब्बू, ही गाडी असती तर मी दादीला घेऊन आले असते. हिला पायऱ्या कमी असतील ना?" मी काय उत्तर द्यावे?

तेथून आम्ही वाघूर नदीवर गेलो. हिवाळ्यात पाणी थोडेच होते. मुले क्रिकेट खेळत होती. आम्ही एका दगडावर बसलो.

"अजिंठ्याला पुलाखाली पाहिलेली नदी आठवते?" मी विचारले.

"हो. फोटो पण काढला होता."

"तिचे नाव काय?"

तिला आठवेना. मी म्हणालो, "वाघूर. ती हीच. अजिंठ्याच्या डोंगरात उगवते, लेण्यांखालून वाहत येते आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर पहूरला पोहोचते. पुढे तिच्यावर धरण आहे. जळगाव शहर त्याच धरणाचे पाणी पिते. मग ती तापीला मिळते."

ती उठून पाण्याजवळ गेली, पाय बुडवून उभी राहिली. बराच वेळ उभी होती. शेवटची बस चुकेल म्हणून मलाच तिला हाक मारावी लागली.

रात्री धुळ्याला पोहोचलो. दुसऱ्या दिवशी अम्मीने ती वांगी गॅसवर भाजली. आमच्या घराला अंगण नाही, कपाशीच्या काड्या तर कोठून आणणार? तिने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "चव आहे, धूर नाही." तरी तिने रोजच्यापेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली. आजींच्या गादीची गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली.

मग तिने विचारले, "स्टेशनवर गेला होतास?"

"गेलो होतो."

"तिथे कडुनिंबाचे झाड होते. लग्न होऊन आले, तेव्हा तुझे अब्बा बैलगाडी आणायला गेले आणि मला त्या झाडाखाली बसवले. पहूर मी पहिल्यांदा तिथून पाहिले. आहे का ते झाड?"

मला काही आठवेना. मी रूळ पाहिले होते, गवत पाहिले होते, झाडाकडे लक्षच दिले नव्हते.

मुलगी म्हणाली, "दादी, आम्ही पुन्हा जाऊन बघून येतो."

शब्दार्थ

पिंजारी – कापूस पिंजणारा कारागीर. धनुकली – कापूस पिंजण्याचे धनुष्यासारखे साधन. उसंत – फुरसत. वर्दळ – ये-जा. सरकी – कापसाचे बी. निरखून पाहणे – बारकाईने पाहणे. वऱ्हाड – लग्नाला जाणारी मंडळी.

स्वाध्याय

१. अब्बांना पहूर का सोडावे लागले?
२. 'चव आहे, धूर नाही' असे अम्मी का म्हणाली?
३. भाजीवाल्या आजींची वाक्ये तुमच्या पाठ्यपुस्तकातील मराठीत लिहा.
४. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात.
५. घरातील वडीलधाऱ्यांना त्यांच्या जुन्या गावातील एका जागेविषयी विचारा आणि त्यांनी सांगितलेले दहा ओळींत लिहा.