प्रकाशक्षेत्र आणि आभासी दृश्य

खिडकीशी उभे राहून मान वीतभर बाजूला नेली, तर अंगणातील झाड बरेच सरकल्यासारखे वाटते. दूरचा डोंगर मात्र जागचा हलत नाही. कोनाड्यातील पितळी तांब्यावरची चकाकीही मानेबरोबर जागा बदलते. छायाचित्रात यातले काहीच घडत नाही, कारण कॅमेरा एकाच ठिकाणी येऊन पोहोचलेले किरण टिपतो. अवकाशातील प्रत्येक बिंदूतून प्रत्येक दिशेने जाणाऱ्या किरणांच्या समुदायास ‘प्रकाशक्षेत्र’ म्हणतात. रशियन शास्त्रज्ञ गेरशून यांनी १९३६ मध्ये ही संज्ञा वापरली.

डोळ्यांवर चढवावयाच्या हेडसेटमध्ये दोन्ही डोळ्यांसाठी स्वतंत्र चित्रे असतात आणि मान हलताच ती बदलावी लागतात. सेकंदाला ९० चित्रे धरली, तर एका चित्रास जेमतेम ११ सहस्रांश सेकंद मिळतात. उशीर झाला की डोळे एक सांगतात, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय दुसरेच. आणि पाहणाऱ्यास मळमळू लागते. येथे वेग ही चैन नव्हे.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मार्क लेव्हॉय व पॅट हॅनराहन यांनी १९९६ मध्ये एक सुटसुटीत मार्ग मांडला. मोकळ्या जागेतून जाताना किरण बदलत नाही. तेव्हा दोन समांतर पटलांना तो कोठे छेदतो हे चार आकड्यांत नोंदले की पुरे. पुढे नव्या जागेवरून दिसणारे दृश्य मुळापासून रेखाटावे लागत नाही. तेथे पोहोचणारे किरण नोंदींतून निवडून, शेजारच्या नोंदींची सरमिसळ करून ते जुळविता येते. दृश्य कोऱ्या भिंतीचे असो वा कोरीव मंदिराचे, संगणकाचे श्रम जवळजवळ तेवढेच. अडचण होती ती नोंदींच्या अफाट पसाऱ्याची.

गूगलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये या पसाऱ्याला ज्या रीतीने आवर घातला, ती समजून घेण्याजोगी आहे. कमानीवर बसविलेले १६ कॅमेरे गोल फिरवून त्यांनी सुमारे एक हजार जागांवरून चित्रे घेतली. शेजारची चित्रे बहुतांशी सारखीच असतात. म्हणून काही मोजकी चित्रे संपूर्ण राखून इतरांचा केवळ फरक साठविला. चित्रपटात असेच करतात, परंतु तेथे चित्रांचा क्रम ठरलेला असतो. मान कोणीकडे वळेल याचा मात्र नेम नाही! यास्तव प्रत्येक चित्राचे लहान चौकोनी तुकडे पाडले आणि कोणताही तुकडा स्वतंत्रपणे उलगडता येईल अशी योजना केली. दप्तराचा सगळा रुमाल न सोडता हवा तो कागद काढावा, तसेच हे. वस्तूंचा ढोबळ आकारही संगणकास दिल्याने थोड्या चित्रांत काम भागते.

‘डिस्कव्हरी’ या निवृत्त अंतराळयानाचा चालककक्ष या पद्धतीने टिपला गेला. त्या अरुंद कक्षातील काचा व धातूंवरची चकाकी पाहणाऱ्याच्या मानेबरोबर हलते. साध्या त्रिमितीय प्रतिकृतीत नेमके हेच साधणे कठीण असते आणि तेथेच या पद्धतीचे खरे मोल आहे.

अर्थात पाहणाऱ्यास मान हलविण्यास मिळते ती सुमारे दोन फूट व्यासाची जागा. त्यापलीकडचे किरण टिपलेलेच नसतात. शिवाय ही चित्रे स्थिर. हलत्या दृश्यासाठी २०२० मध्ये गूगलच्याच संशोधकांनी अर्धगोल घुमटावर ४६ कॅमेरे बसविले.