१ जून आणि विम्याचा अर्ज : नकळत झालेली चूक



जुन्नर-आंबेगावमधल्या जुन्या शाळांचं जनरल रजिस्टर उघडलं की १ जून ही जन्मतारीख पुन्हा पुन्हा दिसते. पूर्वी घरी जन्माची नोंद नसायची. शाळा जूनमध्ये भरायची, मग गुरुजी अंदाजाने वय धरून हीच तारीख टाकायचे. पुढे तोच दाखला आयुर्विम्याला वयाचा पुरावा म्हणून जोडला जातो. हे खोटं बोलणं आहे का? नाही. पण चूक तर आहेच. मग विम्याचं काय होतं?

याचं उत्तर विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ मध्ये आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ते थोडक्यात असं :

१) पॉलिसीला ३ वर्षं झाल्यावर कंपनी कोणत्याही कारणाने तिच्यावर हरकत घेऊ शकत नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली, तर ही ३ वर्षं तेव्हापासून मोजतात.

२) ३ वर्षांच्या आत फसवणूक सिद्ध झाली तर दावा नाकारता येतो.

३) फसवणूक नाही, पण माहिती चुकीची आहे, तरीही ३ वर्षांच्या आत दावा नाकारला जाऊ शकतो. मात्र 'खरी माहिती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती' हे कंपनीने दाखवावं लागतं आणि भरलेले हप्ते ९० दिवसांत परत द्यावे लागतात.

४) वय चुकलं असेल तर कंपनी पुरावा कधीही मागू शकते आणि त्यानुसार पॉलिसीच्या अटी बदलू शकते.

तिसरा मुद्दा नीट वाचा. समजा, ओतूरच्या एका शेतकऱ्याने एजंटला तोंडी सांगितलं, "मला शुगर आहे." एजंटने अर्जात 'नाही' लिहिलं, याने न वाचता सही केली. मनात कपट नव्हतं, तरी लाखोंच्या विम्याऐवजी घरच्यांच्या हाती फक्त हप्ते पडू शकतात.

प्रत्येक चूक इतकी महाग पडत नाही. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात कंबरेच्या मणक्याचा आजार अर्जात सांगितलेला नव्हता, मृत्यू हृदयविकाराने झाला होता. न्यायालयाने वारसाच्या बाजूने निकाल दिला. पण घरच्यांना कोर्टापर्यंत जावं लागलं, हे विसरू नका.

म्हणून पालकहो, अर्ज वाचल्याशिवाय सही नको. वाचता येत नसेल तर शाळेत या, आम्ही वाचून दाखवू. पॉलिसीसोबत अर्जाची प्रत येते, ती तपासा. चूक दिसली तर लगेच लेखी कळवा आणि पोच घ्या.

आणि शिक्षक मित्रांनो, पहिलीचा प्रवेश देताना जन्मदाखला पाहूनच तारीख लिहा. आपली एक नोंद मुलाला आयुष्यभर पुरते.